खड्डा तर दिसला, पण दगड पडला कशावरून?

सप्टेंबर २०२५ मध्ये एक बातमी बऱ्याच जणांच्या फोनवर फिरत होती. उत्तर समुद्रात, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेला जो समुद्र आहे त्याच्या तळाखाली ३ किलोमीटर रुंद खड्डा आहे, तो ४.३ ते ४.६ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळून झालाय आणि तेव्हा १०० मीटरपेक्षा उंच त्सुनामी आली होती वगैरे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी अर्थातच सगळा जोर त्सुनामीवर दिला. पण खरी मजा बातमीत खाली कुठेतरी होती, ती म्हणजे हा खड्डा काही नवीन सापडलेला नाही, तो २००२ पासून माहितीये. त्याचा नकाशा होता, त्याला नाव होतं (सिल्व्हरपिट), आणि तरी तो कशामुळे झाला यावर २३ वर्षं भांडण चालू होतं. २००९ मध्ये तर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत यावर रीतसर वादविवाद झाला, शेवटी मतदान घेतलं, आणि लघुग्रहवाले त्यात सपशेल हरले!

आता मतदान घेऊन कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट ठरवायची हे ऐकायला गमतीशीर वाटतं, पण ती माणसं काही येडी नव्हती. खड्डा डोळ्यासमोर असूनही तो दगड पडूनच झाला हे सिद्ध करणं का इतकं अवघड असतं, आणि उलट काही ठिकाणी खड्डा मुळीच नसताना "इथे दगड पडला होता" असं छातीठोकपणे कसं सांगता येतं, ते जरा नीट बघू.

समुद्र एवढा मोठा, मग खड्डे एवढे कमी का?

पृथ्वीचा साधारण ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे. वरून येणारा दगड काही जागा बघून पडत नाही, त्यामुळे दहातले सात समुद्रात पडले असणार हे सरळ गणित. प्रत्यक्षात मात्र जमिनीवर खात्रीचे सुमारे २०० खड्डे माहीत आहेत आणि समुद्राखाली जेमतेम ३३ च्या आसपास.

याचं पहिलं कारण म्हणजे समुद्राचा तळ जुना होऊच दिला जात नाही. महासागरांच्या मधोमध नवीन खडक तयार होत राहतो, जुना हळूहळू कडेला सरकतो आणि खंडांच्या खाली जाऊन वितळतो. त्यामुळे आजच्या मोठ्या महासागरांचा जवळजवळ सगळा तळ २० कोटी वर्षांच्या आतला आहे. पृथ्वीचं वय ४५० कोटी, म्हणजे बाकीचा सगळा रेकॉर्ड पृथ्वीने स्वतःच गिळून टाकलाय. जे उरलं त्यावर वरून गाळ पडत राहतो, खोल समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर, ऐकायला काहीच नाही पण कोट्यवधी वर्षांत त्याचे शेकडो मीटर होतात. आणि अजून आपण नीट बघितलंच कुठे आहे, समुद्राच्या तळाचा आधुनिक पद्धतीने मोजलेला नकाशा अजून पाव भागाच्या थोडाच पुढे गेलाय.

शिवाय पाणी हा प्रकार आहेच. दगडाच्या आकाराच्या मानाने पाणी खूप खोल असेल तर स्फोट पाण्यातच होतो आणि तळाला खड्डा पडतच नाही. म्हणून समुद्राखालचे जे खड्डे सापडलेत ते बहुतेक किनाऱ्यालगतच्या उथळ भागातले आहेत. नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रातला म्योल्निर (४० किमी रुंद, सुमारे १४ कोटी वर्षं जुना), कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळचा मॉन्टान्ये (४५ किमी), अमेरिकेतला चेसापीक उपसागराखालचा (सुमारे ८५ किमी, साडेतीन कोटी वर्षं जुना). हा चेसापीकचा खड्डा तर आजही त्रास देतो, त्याच्यातल्या फुटक्या खडकांत खारं पाणी अडकून बसलंय आणि वरच्या गावांना विहिरी खोदताना ते लक्षात ठेवावं लागतं.

तळाच्या खालचं दिसतं कसं?

याचं क्रेडिट तेल कंपन्यांना द्यायला हवं. समुद्राखाली तेल-गॅस शोधायला जहाजामागून हवेच्या बंदुका ओढत नेतात, त्या पाण्यात दणके देतात, तो आवाज तळाखालच्या वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतो आणि मायक्रोफोनच्या लांबच लांब माळा तो पकडतात. परत यायला किती वेळ लागला यावरून कॉम्प्युटर आतल्या थरांचं चित्र काढतो. याला सिस्मिक सर्व्हे म्हणतात.

पोटाची सोनोग्राफी करतात ना, अगदी तसंच. सोनोग्राफीत गाठ दिसते, तिचा आकार कळतो, कडा कशा आहेत कळतं, अनुभवी डॉक्टरला अंदाजही येतो. पण ती गाठ नक्की कसली आहे हे बायोप्सीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली गेल्याशिवाय कुणी लिहून देत नाही. समुद्राखालच्या खड्ड्यांचं सगळं प्रकरण याच एका मुद्द्यावर फिरतं.

कारण गोल खड्डे निसर्गात फुकटात मिळतात. खाली मिठाचा जाड थर असला आणि तो इकडेतिकडे सरकला की वरचे थर गोलाकार खचतात. तळातून गॅस निसटला की बशीसारखे खळगे पडतात. ज्वालामुखीचं तोंड कोसळलं तरी गोलच. त्यामुळे गुगल अर्थवर समुद्रात काहीतरी गोल दिसलं आणि कुणी "क्रेटर सापडला" म्हणून व्हिडिओ टाकला तर तो बघा खुशाल, पण तिथून कुणी दगडाचा तुकडा वर आणलाय का हे आधी शोधा.

सिल्व्हरपिटचं २३ वर्षांचं भांडण

सायमन स्टुअर्ट आणि फिलिप ॲलन हे दोघे तेलक्षेत्रातले भूवैज्ञानिक. यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून सुमारे १३० किमीवर, समुद्रतळाच्याही ७०० मीटर खाली त्यांना गॅससाठी केलेल्या सर्व्हेत हा खड्डा दिसला. मधे उंचवटा, भोवती गोल गोल कड्यांसारख्या भेगा पार २० किमीपर्यंत पसरलेल्या. चंद्रावर किंवा गुरूच्या बर्फाळ उपग्रहांवर असे खड्डे दिसतात, त्यामुळे त्यांनी २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत लिहिलं की हा आदळण्याचाच खड्डा दिसतोय.

त्यावर एडिंबरा विद्यापीठाचे जॉन अंडरहिल म्हणाले, थांबा, त्या भागात खाली मिठाचे थर आहेत, मीठ सरकून असले खळगे आजूबाजूला भरपूर झालेत, हा त्यातलाच एक. आणि खरं सांगायचं तर तेव्हाच्या पुराव्यावर हा आक्षेप रास्तच होता. लघुग्रहवाल्यांकडे काय होतं तर चित्र, आणि मिठाकडे निदान शेजारची उदाहरणं तरी होती. २००९ चं मतदान त्यामुळेच तसं गेलं.

मग फरक कशाने पडला? हेरियट-वॉट विद्यापीठाचे उश्डन निकोल्सन आणि त्यांच्या टीमला नवीन, जास्त स्पष्ट सिस्मिक डेटा मिळाला, तो उपयोगी होताच, पण निकाल लागला तो चुऱ्यावर. खड्ड्याच्या परिसरात एक जुनी तेलविहीर खोदलेली होती. विहीर खोदताना खालून जो खडकाचा चुरा वर येतो तो फेकून देत नाहीत, कुठल्या खोलीवरचा आहे ते लिहून जपून ठेवतात. त्या चुऱ्यात, बरोब्बर खड्ड्याच्या तळाच्या खोलीवर, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचे "शॉक" बसलेले थोडे कण सापडले. थोडेच, पण पुरेसे. मिठाचा विषय तिथे संपला.

त्यांच्या हिशोबाने दगड साधारण १६० मीटरचा होता, पश्चिमेकडून तिरका आला, काही मिनिटांत दीड किलोमीटर उंच पाण्याचा आणि खडकाचा पडदा उठला आणि तो कोसळल्यावर ती त्सुनामी. फोनवर फिरली ती हीच ओळ. त्याच्यामागे एका विहिरीचा साठवलेला चुरा आणि तो चिवटपणे चाळणारे लोक होते हे कुणी फॉरवर्ड केलं नाही, असो.

त्या कणात असं असतं तरी काय?

वाळू हातात घेतली की त्यात पांढरट, काचेसारखे चमकणारे कण दिसतात, तो बहुतेक वेळा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. क्वार्ट्झ भयंकर टणक असतो. तो तापवा, दाबा, नदीतून वाहून न्या, तो गुळगुळीत होईल, तुटेल, पण आतून तसाच राहतो.

त्याला हादरवायला एका क्षणात साधारण दहा गिगापास्कलचा दाब लागतो, म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाच्या लाखभर पट. तेवढा दाब बसला की क्वार्ट्झच्या आतली अणूंची रचना ठरावीक दिशांच्या पातळ पातळ पट्ट्यांत मोडते. तो कण घासून पातळ केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला की अगदी सरळ, एकमेकींना समांतर, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी जवळ असलेल्या रेघांचे झुपके दिसतात, एक झुपका एका कोनात, दुसरा त्याला छेदत दुसऱ्या कोनात. याला शॉक्ड क्वार्ट्झ म्हणतात. डोंगर तयार होताना दाब हळूहळू वाढतो आणि ज्वालामुखीच्या स्फोटात एवढा दाब येतच नाही, त्यामुळे असल्या रेघा या दोन्हीतून मिळत नाहीत. त्या दोनच ठिकाणी मिळतात, लघुग्रहाच्या धडकेत आणि अणुबॉम्बच्या चाचणीच्या जागी. आणि साडेचार कोटी वर्षांपूर्वी अणुचाचणी करायला कोण होतं?

आपल्या लोणारचंही असंच झालं होतं हे अनेकांना माहीत नसतं. बुलढाणा जिल्ह्यातला तो १.८ किलोमीटरचा खड्डा, चारी बाजूंनी ज्वालामुखीचा बसाल्ट, मग बघणाऱ्याने ज्वालामुखीचंच तोंड समजायचं ना, आणि बरीच वर्षं तसंच समजत होते. तळ्याच्या तळाशी बोअर मारून काढलेले नमुने तपासले तेव्हा धडक पक्की झाली, तो शोधनिबंध १९७३ चा. बसाल्टात क्वार्ट्झ नसतोच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तिथे दुसरी खूण होती. बसाल्टातल्या फेल्डस्पारची न वितळता जागच्या जागी काच झाली होती, तिला मास्केलिनाइट म्हणतात, आणि ती मंगळावरून आलेल्या उल्कांमध्येही सापडते.

आणि खड्डा नसलाच तर?

आता उलटी केस. १९६०च्या दशकात एल्टानिन नावाचं अमेरिकन संशोधन जहाज दक्षिण महासागरात फिरून तळाच्या गाळाचे कोअर गोळा करत होतं. कोअर म्हणजे पोकळ नळी गाळात खुपसून वर काढलेला गाळाचा लांब दांडा, वरचा थर नवीन, खालचा जुना. ते दांडे पुढे बरीच वर्षं कपाटात पडून होते. १९८१ मध्ये फ्रँक काइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातल्या एका थरात इरिडियम प्रचंड जास्त मिळालं. इरिडियम हा प्लॅटिनमच्या घरातला जड धातू. पृथ्वी तयार होताना तो लोखंडाबरोबर पार आतल्या गाभ्यात बसला, त्यामुळे वरच्या खडकात तो नावालाच आहे, पण उल्कांमध्ये त्याच्या कित्येक पट असतो.

नंतर जर्मनीचं पोलारस्टर्न जहाज १९९५ आणि २००१ मध्ये मुद्दाम त्या जागी गेलं. चिलीच्या नैऋत्येला साधारण दीड हजार किलोमीटरवर, चार-पाच किलोमीटर खोल पाणी. खड्डा? अजिबात नाही. पण तळाचा गाळ विस्तीर्ण भागात उपसून, ढवळून परत बसलेला, कोट्यवधी वर्षं जुना गाळ नव्या गाळात मिसळलेला, आणि त्यावर चक्क त्या लघुग्रहाचेच बारीक तुकडे. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी एक किलोमीटर किंवा त्याहून मोठा दगड इथे पडला, तळापर्यंत पोचून खड्डा पाडण्याआधी पाण्यातच फुटला आणि त्याचा चुरा खाली बसला. खोल महासागरात पडलेल्या लघुग्रहाचं खात्रीचं असं हे एकच उदाहरण आपल्याकडे आहे. म्हणजे सिल्व्हरपिटला २३ वर्षं खड्डा होता पण कण नव्हता, आणि इथे कण आहेत, खड्डा नाही, तरी वाद जवळजवळ नाहीच.

अशाच एका प्रकरणात गोव्याचा संबंध आहे. सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात कुठेतरी मोठा दगड पडला आणि वितळलेल्या खडकाचे काचेचे थेंब ऑस्ट्रेलियापासून हिंदी महासागरापर्यंत उडाले. मोठे तुकडे म्हणजे टेक्टाइट, आणि एक मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोटेक्टाइट. हे बारीक थेंब समुद्राच्या गाळात असतात हे बिली ग्लास यांनी १९६७ मध्ये दाखवलं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, त्यात श्याम प्रसाद हे नाव महत्त्वाचं, मध्य हिंदी महासागराच्या तळातून हे थेंब शोधून काढले. त्या भागात भारत मॅंगनीजच्या गोळ्यांसाठी तळाची पाहणी करत होता, म्हणजे परत तेच, शोधायचं होतं एक आणि हाताला लागलं दुसरंच. गंमत म्हणजे एवढं अलीकडचं प्रकरण असून याचा मूळ खड्डा कुठे आहे यावर अजून एकमत नाही.

इरिडियम ज्वालामुखीतूनही येतं की!

हा आक्षेप हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. काही ज्वालामुखींच्या वायूत थोडं इरिडियम मिळतं. शिवाय अवकाशातली बारीक धूळ रोज पडतच असते, गाळ फार सावकाश साचत असेल तर तिच्यातलं इरिडियम नुसतं बसून बसून जमा होऊ शकतं. म्हणूनच कुणी एका खुणेवर निकाल देत नाही. इरिडियम, शॉक्ड क्वार्ट्झ, काचेचे थेंब, सगळं एकाच थरात आणि तो थर वेगवेगळ्या खंडांवर एकाच काळातला, असं जुळलं की मग माणसं मान्य करतात.

६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत दगड पडून डायनोसॉर संपले म्हणतात, त्या प्रकरणात हे सगळं जुळलं. वॉल्टर आणि लुईस आल्वारेझ या बापलेकांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्याबरोबर १९८० मध्ये जी सेंटिमीटरभर जाड चिकणमाती दाखवली, सुमारे तीसपट इरिडियमवाली, ती इटलीत गुब्बियोजवळच्या डोंगरात आहे. पण तो डोंगर म्हणजे मुळात खोल समुद्राचाच तळ, नंतर उचलला गेलेला. पहिला पुरावासुद्धा समुद्रतळाचाच, फक्त तिथे पायी चालत जाता येतं.

मला विचाराल तर सगळ्यात सुंदर पुरावा १९९७ चा आहे. जॉइडिस रिझोल्यूशन नावाच्या ड्रिलिंग जहाजाने फ्लोरिडाच्या पूर्वेला ब्लेक नोज म्हणतात तिथे अडीच किलोमीटरहून खोल पाण्याखाली बोअर मारून कोअर काढले. त्यातला एक दांडा उभा चिरून बघितला तर खाली फिकट राखाडी गाळ, त्यात फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म समुद्री जिवांची मोठी मोठी, नक्षीदार कवचं. मग एकदम हिरवट करड्या कणांचा साधारण १० सेंटिमीटरचा थर, हे मेक्सिकोतल्या धडकेतून दीड हजार किलोमीटरहून लांब उडून आलेले वितळलेल्या खडकाचे थेंब. त्याच्यावर गंजाच्या रंगाची बारीक पट्टी. आणि वर काळपट चिकणमाती, तिच्यात फोरामिनिफेरा आहेत पण चिमुकले, साधे, दोन-चार जातीचे. त्यांच्या तरंगणाऱ्या जातींपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्या १० सेंटिमीटरांच्या खालीच संपल्या. वीतभर गाळात सगळी गोष्ट, आणि वाचायला फार शिकायलाही लागत नाही.

मूळ खड्डा, चिक्शुलुब, मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर अर्धा जमिनीखाली अर्धा समुद्राखाली आहे, सुमारे १८० किमी रुंद. तोसुद्धा मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीच्या सर्व्हेत ग्लेन पेनफिल्ड आणि अंतोनियो कामार्गो यांना दिसला होता, त्यांनी १९८१ मध्ये एका परिषदेत सांगितलंही, पण लक्ष कुणी दिलं नाही. विहिरींतल्या नमुन्यांमध्ये शॉक्ड क्वार्ट्झ मिळाल्यावर १९९१ मध्ये शिक्कामोर्तब झालं. इथेही तोच क्रम, आधी चित्र आणि मग कण. २०१६ मध्ये जोआना मॉर्गन आणि शॉन गुलिक यांच्या टीमने समुद्रातल्या बाजूने तळाखाली १,३३५ मीटर खोल बोअर मारला. सुमारे १० किलोमीटर खोलवरचा ग्रॅनाइट काही मिनिटांत वर उसळून आलेला सापडला. त्यावरचा सुमारे १३० मीटरचा थर एकाच दिवसात साचलेला! एरवी हजार वर्षांत काही मिलिमीटरचा हिशोब, आणि इथे एका दिवसात चाळीस मजली इमारतीएवढा. त्यात कोळसा झालेलं लाकूड मिळालं, म्हणजे किनाऱ्यावर वणवे लागले आणि मागे परतणाऱ्या लाटेने ते ओढून आणलं. आसपासच्या खडकात गंधक भरपूर आहे, या थरात मात्र ते जवळजवळ नाहीच, ते सगळं वाफ होऊन वर गेलं आणि त्यानेच पुढे सूर्य झाकला.

मग आपल्या सह्याद्रीच्या लाव्ह्याचं काय?

डायनोसॉर दगडाने संपले की ज्वालामुखीच्या लाव्ह्याने, हो, तो वाद आहेच. दख्खनचे लाव्हा थर त्याच सुमाराचे, ६.६ कोटी वर्षांचे, आणि ते तपासायला परदेशी टीम महाबळेश्वर-आंबेनळीच्या घाटात येऊन नमुने घेऊन गेल्या. लाव्ह्याचा सगळ्यात मोठा लोंढा धडकेच्या आधी आला की नंतर यावर २०१९ मध्ये दोन गटांचे दोन निष्कर्ष आले. पण इथेही समुद्राचा तळ मदतीला येतो. पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये समुद्रतळाच्या कोअरमधून तेव्हाचं तापमान काढलं. दख्खनच्या वायूंनी जग साधारण २ अंशांनी तापलं होतं, पण ते धडकेच्या आधीच, आणि ते परत थंडही झालं होतं, तोवर जीव फारसे मेले नव्हते. ते मेले ते इरिडियमच्या थरावर. लाव्ह्याचा अजिबात हात नाही असं म्हणणारे सगळेच नाहीत, पण मुख्य आरोपी दगडच हे आता बहुतेकांना मान्य आहे.

मुंबईजवळ पण खड्डा आहे म्हणतात, तो 'शिवा'?

हे व्हॉट्सॲपवर दर वर्ष-दोन वर्षांनी येतं. टेक्सास टेक विद्यापीठाचे शंकर चॅटर्जी यांचं म्हणणं आहे की बॉम्बे हाय म्हणजे एका अवाढव्य, सुमारे ५०० किलोमीटरच्या खड्ड्याचा मधला उंचवटा, तो दगड ४० किलोमीटरचा होता आणि डायनोसॉर त्यानेच संपवले. त्यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या परिषदेत हे मांडलं तेव्हा बातम्या खूप झाल्या.

पण हा खड्डा मान्यताप्राप्त यादीत नाही. तो भाग भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून फाटताना ताणला गेला, तुटला, त्याचे ठोकळे वरखाली झाले, आणि बॉम्बे हायचा उंचवटा त्यातून नीट समजावता येतो. तिथे १९७४ पासून तेल लागलेलं आहे, विहिरींवर विहिरी खोदल्यात, म्हणजे सिल्व्हरपिटसारखा चुरा तपासायची सोय भरपूर. चिक्शुलुबपेक्षा दुपटी-तिपटीने मोठी धडक इथे झाली असती तर भोवती शॉक्ड क्वार्ट्झचा आणि वितळलेल्या खडकाचा खच पडायला हवा होता, आणि तसा सर्वमान्य पुरावा पुढे आलेला नाही. आपल्या दारातला आहे म्हणून मलाही तो खरा ठरला तर आवडेल, पण नुसत्या आकारावर कसं मान्य करायचं?

तसंच हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांच्या गोळ्यांचं. २०१४ साली पापुआ न्यू गिनीजवळ एक उल्का जळाली, २०२३ मध्ये त्यांनी समुद्राच्या तळावर लोहचुंबकाची घसरगाडी ओढून शेकडो बारीक गोळ्या गोळा केल्या आणि त्या सूर्यमालेबाहेरच्या असू शकतात म्हणाले. समुद्राचा कुठलाही तळ असा खरवडला तरी अवकाशातल्या धुळीच्या वितळलेल्या गोळ्या मिळतातच, वर कोळशाच्या राखेतूनही तशा गोळ्या येतात हा आक्षेप लगेच आला. ब्लेक नोजची ताकद थरात आहे, कुठल्या थरात काय सापडलं याला किंमत आहे. वरवर खरवडून काढलेल्या गोळीला पत्ताच नसतो.

नुसती सोनोग्राफी किती भारी असू शकते

निकोल्सन यांचाच दुसरा खड्डा, नादिर. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीपासून सुमारे ४०० किमीवर, तळाच्या ३०० मीटर खाली, साधारण ९ किमी रुंद, आणि काळ तोच, ६.६ कोटी वर्षांच्या आसपास. २०२२ मध्ये तो जाहीर झाला, २०२४ मध्ये त्याचं थ्री-डी सिस्मिक चित्र आलं आणि ते इतकं स्पष्ट आहे की मधला उंचवटा, भोवतीच्या भेगा, परत आत धावलेल्या पाण्याने तळावर ओढलेले ओरखडे, सगळं दिसतं. ते बघून बहुतेक शंका घेणारे गप्प झाले. दगड साधारण ४५० मीटरचा असावा. आता तो चिक्शुलुबचा सोबती होता की आगेमागे पडलेला कुणी वेगळाच, हे चित्रावरून कळणार नाही, त्यासाठी तिथे बोअर मारून थराचं वय काढावं लागेल.

आज असा दगड आला तर?

सिल्व्हरपिटएवढा, म्हणजे दीडशे मीटरच्या वरचा दगड रोज उठून पडत नाही, हजारो वर्षांत कधीतरी. २०२५ च्या फेब्रुवारीत २०२४ वायआर४ नावाच्या दगडाची २०३२ मध्ये पृथ्वीवर पडायची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती, तेव्हा मुंबईचं नाव संभाव्य पट्ट्यात येऊन आपल्याकडे बराच गोंधळ झाला. तो दगड ६० मीटरच्या आसपासचा, आणि जास्त निरीक्षणं आल्यावर काही दिवसांतच ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली.

आणि सिल्व्हरपिटच्या मापाच्या दगडाला धक्का देऊन बघितलेलंच आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फॉस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आपटवलं, तोही साधारण १६० मीटरचाच. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो त्याला फेरी मारायला लागणारा वेळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. आता ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपचं हेरा यान २०२६ च्या शेवटी तिथे पोचायचं आहे, त्याला बघायचंय की त्या धडकेने डिमॉर्फॉसवर खड्डा पडला, की तो दगडगोट्यांचा सैल ढिगारा असल्यामुळे खड्डा न पडता अख्खा आकारच बदलला.